मोबाईलवर येणाऱ्या सरकारी आपत्कालीन सूचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या जुलैपासून देशभरातल्या मोबाईलवर चाचणीच्या सूचना मोठ्या आवाजात वाजू लागल्या आणि तेव्हापासून लोकांचे प्रश्न थांबलेले नाहीत. सुरुवातीचे प्रश्न घाबरून विचारलेले होते. आताचे बहुतेक वैतागून विचारलेले असतात, आणि त्या वैतागात पुष्कळ तथ्य आहे. म्हणून पुढील उत्तरांत यंत्रणा कशी चालते एवढेच सांगितलेले नाही; ती चालवणाऱ्यांकडून आपण काय मागायला हवे, तेही लिहिले आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोन अचानक भोंग्यासारखा वाजला, थरथरला आणि पडद्यावर मोठी चौकट आली. फोन हॅक झाला आहे का?

नाही. ही ‘सेल ब्रॉडकास्ट’ नावाच्या पद्धतीने आलेली सूचना आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग मिळून ही यंत्रणा उभारत असून तिचे तंत्र सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केले आहे. २०२३ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत वेगवेगळ्या मोबाईल कंपन्यांवर, वेगवेगळ्या दिवशी तिच्या चाचण्या झाल्या. ‘हा चाचणीचा नमुना संदेश आहे, आपल्याला काहीही करण्याची गरज नाही’ असे त्या संदेशातच लिहिलेले होते. परंतु भोंगा ऐकून दचकलेला माणूस मजकूर शेवटपर्यंत वाचत नाही, हे चाचणी घेणाऱ्यांनी आधीच ओळखायला हवे होते. चाचणीची वेळ वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून दोन दिवस आधी पुरेशी जाहीर झाली असती, तर हा प्रश्न इतक्या लोकांना पडला नसता.

२. माझा नंबर सरकारला कोणी दिला? माझ्यावर पाळत ठेवली जाते का?

सेल ब्रॉडकास्टला तुमचा नंबर लागतच नाही. गावात दवंडी पिटताना घराघरांतल्या माणसांची यादी लागत नाही, तसेच हे आहे: ठरावीक टॉवरवरून संदेश प्रसारित होतो आणि त्या टॉवरच्या कक्षेतला प्रत्येक फोन तो उचलतो. कोणी वाचला, कोणी वाचला नाही, याची नोंद पाठवणाऱ्याकडे परत जात नाही.

दुसरा प्रकार मात्र वेगळा आहे. प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून पाऊस, वीज, उष्णतेची लाट यांच्या सूचना साध्या एसएमएसनेही येतात. त्यासाठी धोक्याच्या क्षेत्राची हद्द मोबाईल कंपन्यांना कळवली जाते आणि त्या हद्दीत त्या वेळी असलेल्या ग्राहकांना कंपनी एसएमएस पाठवते. तुमचा फोन कोणत्या टॉवरशी जोडलेला आहे हे कंपनीला एरवीही ठाऊक असते, कारण त्याशिवाय फोन लागणारच नाही. खासगीपणाची काळजी रास्त आहे आणि ती सोडू नये, पण या काळजीपोटी आपत्तीच्या सूचना बंद करून पाळत कमी होत नाही.

३. नवऱ्याच्या फोनवर सूचना आली, माझ्यावर आली नाही. शेजाऱ्यांकडे तर तीनदा वाजली. असे का?

चाचण्या कंपनीनिहाय वेगवेगळ्या वेळी झाल्या, हे पहिले कारण. फोन जुना असणे, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत नसणे, सेटिंगमध्ये तो पर्याय बंद असणे किंवा त्या क्षणी फोनला रेंज नसणे ही बाकीची कारणे आहेत. दोन सिमकार्डे असलेल्या फोनवर दोन्ही कंपन्यांकडून संदेश येऊ शकतो. शिवाय तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत स्वतंत्रपणे पाठवला, तर फोन तितक्या वेळा वाजतो.

तुमचा फोन चाचणीत वाजला नसेल, तर ते गांभीर्याने घ्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या भागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ हा पर्याय असतो. आयफोनवर ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीत अगदी तळाशी पाहावे.

४. फोन सायलेंटवर असेल, इंटरनेट बंद असेल किंवा नेटवर्क जाम झाले असेल, तर सूचना येईल का?

इंटरनेटची गरज नाही. डेटा पॅक संपलेला असो की प्रशासनाने मोबाईल इंटरनेट बंद केलेले असो, टॉवर चालू आहे तोवर सेल ब्रॉडकास्ट येते. सगळे एकाच वेळी फोन करू लागल्याने कॉल लागेनासे होतात, तेव्हाही हा संदेश पोहोचतो, कारण तो प्रत्येकाला स्वतंत्र न जाता एकदाच प्रसारित होतो. अतिगंभीर वर्गातली सूचना बऱ्याच फोनवर सायलेंट असतानाही वाजते. मात्र फोन बंद असेल किंवा विमान मोडमध्ये असेल, तर काहीही येणार नाही.

टॉवरच पडला किंवा त्याची वीज गेली, की सगळे थांबते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या मोठ्या भागात वीज आणि मोबाईल दोन्ही दीर्घकाळ ठप्प होते. मोबाईलवरची सूचना ही आपत्तीच्या आधीची व्यवस्था आहे. नंतरच्या दिवसांसाठी सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा.

५. सूचना खरी की बनावट, हे कसे ओळखावे?

खरी सूचना ओटीपी, बँकेचा तपशील किंवा आधार क्रमांक मागत नाही, पैसे भरायला सांगत नाही आणि कोणतेही ॲप एपीके फाईलवरून उतरवायला लावत नाही. तिच्यात धोका कोणता, कुठे आणि किती वेळ, हे असते आणि ती देणाऱ्या संस्थेचे नाव असते. शंका आली तर मजकूर ‘सचेत’च्या संकेतस्थळावर किंवा हवामान विभागाच्या मुंबई व नागपूर केंद्रांच्या पानांवर पडताळावा, अन्यथा जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारावे. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. फसवणूक झालीच, तर सायबर तक्रारीसाठी १९३०.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘तातडीचा इशारा’ हा सूचना नव्हे, जरी त्यावर राजमुद्रा छापलेली असली तरीही. तो पुढे पाठवावा की नाही, यासाठी प्रश्न १३ पाहा.

६. ‘रेड अलर्ट’ येतो, शाळा बंद होतात आणि दिवसभर ऊन पडते. मग पुढच्या वेळी विश्वास का ठेवायचा?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांबीचे.

हवामान विभागाचे रंग पावसाच्या मिलिमीटरचे दुसरे नाव नाहीत. तयारी किती करायची, हे ते सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या मोजमापाची भाषा वेगळी आहे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला १०० मिलिमीटरही पडला नव्हता. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडू शकतो, तर पुणे किंवा नाशिकसारख्या जिल्ह्याला सरसकट दिलेला लाल इशारा घाटमाथ्यावर खरा आणि दुष्काळी तालुक्यात खोटा ठरणे अटळ आहे. घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देण्याची पद्धत त्यामुळेच आली, आणि ती योग्य दिशा आहे.

तेव्हा तक्रार नेमकी करायला हवी. ‘हवामान खाते काहीही सांगते’ ही तक्रार कोणालाच सुधारत नाही. ‘आमच्या तालुक्याला इशारा लागू नव्हता, तरी आमचे फोन वाजले’ ही तक्रार मात्र सुधारता येण्याजोगी आहे, कारण संदेशाची हद्द आखणे माणसाच्या हातात असते. अनावश्यक विस्तृत क्षेत्राला इशारे देत राहिल्यास लोकांचे कान बधिर होतात. कोविडच्या काळात दक्षिण कोरियात स्थानिक प्रशासनांनी संदेशांचा एवढा मारा केला, की अनेकांनी सूचना बंदच करून टाकल्या.

वाचकांकडून मात्र एक अपेक्षा आहे. इशारा दिला आणि काही झाले नाही, याला फसवणूक समजू नये. दहा वेळा छत्री घेऊन निघालो आणि पाऊस तीनदाच आला, तर सात वेळांचे ओझे आपण सहन करतो. दरडीखालच्या वस्तीने एक रात्र शाळेत काढण्याचे ओझे याहून खूप मोठे आहे, हे मान्य करूनही ते सहन करण्याजोगे आहे. प्रशासनाने त्या शाळेत पाणी, स्वच्छतागृह आणि जनावरांची सोय ठेवली, तर लोक निघतात.

७. पूर्णपणे खोटा इशारा गेल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी अमेरिकेतल्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याची आणि ‘हा सराव नव्हे’ अशी सूचना सर्वांच्या फोनवर गेली. ती चुकीची असल्याचा दुसरा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांत छोट्या भागासाठीचा स्थलांतराचा इशारा चुकून संपूर्ण काउंटीला, म्हणजे सुमारे एक कोटी लोकांना गेला. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात पर्वरीला त्सुनामीच्या इशाऱ्याचा भोंगा रात्री वाजत राहिला आणि तसा कोणताही इशारा नसल्याचे प्रशासनाला सांगावे लागले.

माणूस चूक करणारच. लोक चूक माफ करतात. पण त्याच मार्गाने, तितक्याच मोठ्या आवाजात आणि ताबडतोब ती दुरुस्त झाली नाही, तर तो राग वर्षानुवर्षे टिकतो. रद्द केल्याचा संदेश आधीपासून तयार असणे ही किमान अपेक्षा आहे.

८. आणि खरा इशारा उशिरा आला तर?

ते खोट्या इशाऱ्याहून वाईट. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया प्रांतात हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता, पण प्रादेशिक सरकारची मोबाईल सूचना रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी गेली. तोवर अनेक गावांत पाणी शिरलेले होते. दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि नंतर रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा मुख्य सवाल त्या वेळेबद्दलच होता. यंत्र होते, माहिती होती. पाठवण्याचा निर्णय झाला नाही.

आपल्याकडची आठवण जवळची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दुसऱ्याच दिवशी सकाळी महाराष्ट्रातल्या फोनवर चाचणीची सूचना वाजली, आणि त्या योगायोगाने पुष्कळ लोक व्यथित झाले. परंतु ही यंत्रणा आदल्या दिवशी पूर्णपणे तयार असती, तरी इर्शाळवाडीला इशारा गेला असता असे म्हणता येत नाही, कारण दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडीच नव्हती. ज्या जागेला कोणी धोक्याची मानलेच नाही, तिथला फोन कोणीही वाजवणार नाही. मोबाईल सूचनांबद्दलची चर्चा फोनपाशी न थांबता डोंगराच्या सर्वेक्षणापर्यंत गेली पाहिजे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

९. आम्ही सांगलीत राहतो. आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग आम्हाला कळतो. मोबाईलवरच्या सूचनेची आम्हाला गरज काय?

तुमच्याकडे जे आहे, ते अनेक गावांकडे नाही. आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतले शाळकरी मूलही सांगते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट तसेच तोंडपाठ असतात. पातळी किती झाली की आपल्या गल्लीत पाणी येते, हे प्रत्येक घराला माहीत असते. या आकड्यांवर लोकांचा जो विश्वास आहे, तो कोणत्याही जाहिरातीने मिळालेला नाही. तो रोज पाहून, पडताळून बसलेला आहे.

तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये हा अनुभवच आड आला. २००५ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते, त्या खुणेवर भरवसा ठेवून अनेक कुटुंबे घरात थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुन्या खुणा बुडाल्या आणि माणसांना होडीतून काढण्याची वेळ आली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला अशीच माणसे भरलेली बोट उलटली. आधीच्या पुराच्या खुणेपलीकडे पाणी जाणार आहे, हे सांगणे हेच सूचनेचे काम. त्यासाठी तिने ‘मुसळधार पावसाची शक्यता, सतर्क राहा’ असे म्हणून भागत नाही. ‘उद्या सकाळपर्यंत आयर्विनला अमुक फूट, २००५ पेक्षा अधिक, अमुक भागांनी आज संध्याकाळपर्यंत बाहेर पडावे’ असा मजकूर आला, तर सांगलीकर निघतील. लोकांच्या स्वतःच्या मापात बोललेली सूचनाच त्यांना आपली वाटते.

१०. सूचना मराठीत येतील ना? आईला इंग्रजी वाचता येत नाही.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये इंग्रजी व हिंदीबरोबर प्रादेशिक भाषांतल्या सूचना दाखवण्याची सोय असणे आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रातल्या चाचणीत मराठी मजकूरही आला होता. एक तांत्रिक अडचण आहे: सेल ब्रॉडकास्टच्या एका पानात रोमन लिपीची ९३ अक्षरे बसतात, तर देवनागरीची जेमतेम ४०, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यांतच मोजल्या जातात. पाने जोडता येत असली, तरी मराठी मजकूर आटोपशीर आणि मुळातून मराठीत लिहिलेला असावा लागतो. इंग्रजी परिपत्रकाचे यांत्रिक भाषांतर रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला उमगत नाही.

११. गावात साधे फोन आहेत, तेही पुरुषांच्या खिशात. घरातल्या बायकांना आणि वृद्धांना कसे कळणार?

अनेकदा कळत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. फोन शेतावर, शेतकरी शेतावर आणि घर ओढ्याकाठी, ही स्थिती सार्वत्रिक आहे. एसएमएस साध्या फोनवरही येतो, पण तो वाचला जाईलच असे नाही. म्हणून पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, मंदिर-मशिदीचा ध्वनिक्षेपक हे मार्ग मोबाईल आला म्हणून बंद करू नयेत. ऐकू न येणाऱ्यांसाठी थरथर आणि न दिसणाऱ्यांसाठी मजकूर वाचून दाखवण्याची सोय फोनमध्ये चालू करून द्यावी; हे काम घरातल्या तरुणांनी एका संध्याकाळी करण्यासारखे आहे.

१२. आवाजाने फार दचकायला होते. सूचना बंद करू का?

चाचणीच्या सूचनांचा पर्याय बऱ्याच फोनवर वेगळा असतो; तेवढा बंद ठेवण्यास हरकत नाही. अतिगंभीर आणि गंभीर वर्गांचे पर्याय कृपया चालू ठेवावेत. जर्मनीत जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात रात्री पूर आला, तेव्हा त्या देशात सेल ब्रॉडकास्ट नव्हते, आणि ॲपवर विसंबलेला इशारा असंख्य लोकांपर्यंत गेलाच नाही. त्यानंतरच तेथे ही पद्धत आणली गेली आणि ८ डिसेंबर २०२२ रोजी तिची देशभर चाचणी झाली. झोपलेल्याला जागे करणे हे या कर्कश आवाजाचे कामच आहे.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. घरात हिंसाचार सोसणाऱ्या काही स्त्रिया मदतीसाठी दुसरा फोन लपवून ठेवतात, आणि तो अचानक वाजणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ च्या देशव्यापी चाचणीपूर्वी महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ही बाब जाहीरपणे मांडली आणि सूचना कशी बंद करावी याची माहिती सर्वत्र दिली गेली. अशा स्थितीत सर्व वर्ग बंद करावेत किंवा तो फोन पूर्ण बंद ठेवावा. आपल्याकडे महिला मदतवाहिनी १८१ आहे आणि तातडीसाठी ११२. चाचणी जाहीर करताना ही सूचनाही द्यावी, अशी आमची प्रशासनाला विनंती आहे.

१३. मिळालेली सूचना गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावी का?

टाकावी, पण तारीख, वेळ आणि क्षेत्र दिसेल अशी, जशीच्या तशी. हवामान विभागाचे तात्कालिक इशारे बहुधा पुढील तीन तासांपुरते असतात, आणि तोच मजकूर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात फिरत राहतो. स्वतःची भर घालू नये. मुदत संपल्यावर टाकलेला संदेश काढून टाकावा.

१४. भूकंपाची सूचना आधी मिळू शकते का? कोयना भागातून विचारत आहोत.

भूकंप केव्हा होणार, हे आज कोणीही सांगू शकत नाही; तसे सांगणारा संदेश खोटाच असतो. भूकंप सुरू झाल्यावर, जोराची लाट तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी काही सेकंदांची सूचना देता येते. जपान २००७ पासून ती सर्वसामान्यांना देतो, आणि भारतात अँड्रॉइड फोनवर गुगलची अशी सेवा २०२३ मध्ये सुरू झाली. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना मात्र हे सेकंदही मिळत नाहीत, आणि कोयना परिसरातल्या गावांची अडचण हीच आहे. तिथे घराचे बांधकाम हीच खरी पूर्वतयारी.

१५. इशारा चुकीचा, अपुरा किंवा उशिरा आला, असे वाटल्यास कुठे सांगायचे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. त्यांच्याकडे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. सूचना किती वाजता आली, कोणत्या कंपनीच्या फोनवर आली, गावात पाऊस किंवा पाणी प्रत्यक्ष कधी सुरू झाले, हे तीन मुद्दे आणि पडद्याचे छायाचित्र जोडावे. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात दोन प्रश्न विचारावेत: त्या दिवशी इशारा कोणत्या संस्थेकडून किती वाजता मिळाला, आणि तो लोकांना पाठवण्याचा आदेश किती वाजता निघाला. यांचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. गाव दरडप्रवण किंवा पूरप्रवण यादीत आहे का, हे याच अर्जात विचारता येते. नसेल, तर भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करणारा ग्रामसभेचा ठराव पावसाळ्याआधी, शक्यतो महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत करून तहसीलदारांकडे द्यावा.